नंदूकाकाची चार झाडं

नंदूकाका, शनिवारी तुझी झाडं कापली.

चारांपैकी तीन. चौथ्याच्या मधल्या तुऱ्याला बुरशी लागून ती खालपर्यंत उतरली होती, ते झाड टाकूनच द्यावं लागलं. तू असतास तर तुला आधीच दिसलं असतं. पण तुला जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते आणि त्यातले पहिले तेरा दिवस मी त्या कुंपणाचं कुलूप उघडलंच नव्हतं.

भेटायला येणारे तुझ्याबद्दल भरभरून बोलतात. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला तीस वर्षं चिप डिझाइन केलंस, काकूचं आजारपण एकट्यानं निभावलंस, इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीला आल्यावर कोणाकोणाचे नळ दुरुस्त करून दिलेस. मी मान हलवते. निवृत्तीनंतर तू गांजाची झाडं लावायचास, आणि त्याशिवाय तुझ्या डोक्यात जवळजवळ दुसरं काही नसायचं, हे त्यांच्यापैकी कोणालाच कालपर्यंत माहीत नव्हतं. माहीत नव्हतं, कारण मी कळू दिलं नाही. त्याबद्दलच तुझ्याशी बोलायचं राहिलंय.

काकूच्या पायांपासून हे सुरू झालं. केमो संपली, रिपोर्ट चांगले आले, पण तिच्या तळपायांत जी आग शिरली ती गेली नाही. रात्रभर ती पाय चादरीबाहेर काढून पडायची. दुकानातले गांजाचे थेंब घेतले की तिला गरगरायचं. तू म्हणालास, "आपण घरीच करू. कशात काय आहे ते तरी कळेल." कॅलिफोर्नियाच्या कायद्यात घरी सहा झाडं चालतात, हे तू मला फोनवर कलमासकट वाचून दाखवलं होतंस. मी तेव्हा इथे मिनेसोटात नवी नोकरी धरलेली, व्हिसावर. फोनवरसुद्धा तो शब्द ऐकून मी उठून खोलीचं दार लावलं होतं. नागपूरला आपल्या घरात गांजा म्हणजे घाटावर बसलेला, डोळे लाल झालेला माणूस. माझ्या अण्णांना, तुझ्या सख्ख्या भावाला, शेवटपर्यंत तू यातलं काही सांगितलं नाहीस. त्यांनी विचारलं की "बागकाम करतो" एवढंच सांगायचास.

सनीव्हेलच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत तुझा पहिला प्रयोग फसला. उत्तरेकडची बाल्कनी, ऊन चार तास. झाडं उंच आणि मरतुकडी झाली आणि एका वाऱ्यात आडवी पडली. मग तू निवृत्त झालास आणि सिएराच्या डोंगरांच्या पायथ्याशी, लाल मातीत, ते छोटं घर घेतलंस. सगळ्यांना सांगितलंस, तिथली हवा चांगली आहे. काकू फोनवर हसली होती. "हवा कसली, याला ऊन पाहिजे होतं."

एका ऑक्टोबरमध्ये मी तिथे आले, ते दिवस मला आता फार आठवतात. मेपासून पावसाचा थेंब नव्हता. डोंगर सुकून तांबूस पिवळे झालेले, आणि घरामागच्या कुंपणात तुझी सहा झाडं, तुझ्यापेक्षा उंच, हिरवीगार. प्रत्येकाच्या बुंध्याशी पाण्याची बारीक नळी. तू कंपनीतून आणलेलं भिंग डोळ्याला लावून एकेका तुऱ्यावर वाकायचास. मलाही पाहायला लावलंस. पानांवर दवासारखे कण होते, काचेच्या टाचण्यांसारखे. "पारदर्शक आहेत तोवर थांबायचं," तू म्हणालास. "दुधी झाले की तयारी करायची. पिवळट दिसायला लागले की कापायचं. चिपसुद्धा इतकी नीट सांगत नाही, झाली म्हणून."

काकू खुर्चीत बसून कात्रीनं पानं छाटत होती. बोटं चिकट झाली की खोबरेल तेल लावून पुसायची.

"मंजू, याला झाडच म्हणायचं हं," तिनं मला बजावलं. "दुसरं नाव या घरात घ्यायचं नाही."

"मग काका काय म्हणतो?"

"तो तर माझ्यापेक्षा जास्त वेळा यांनाच हाका मारतो. आणि ऐक, यात नर निघाला की उपटून टाकायचा असतो. नर काही कामाचा नाही म्हणे. मला लग्नाआधी कोणी सांगितलं नाही गं!"

तू इतका हसलास की भिंग हातातून पडलं.

काकूचं औषध तू तुपात करायचास. साजूक तूप, मंद आच, पळी हातात. काकू रात्री जेवल्यावर अर्धा चमचा घ्यायची. दुखणं गेलं असं ती कधीच म्हणाली नाही. "आग आहे तशीच आहे," ती म्हणायची, "पण मी झोपते, आणि मी झोपले की हा झोपतो." मला वाटतं, तुला तेवढंच हवं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी वणवा जवळ आला. आकाश नारिंगी झालं, तुझ्या झाडांवर राख पडली. घर सोडायची तयारी ठेवा, असा निरोप आला तेव्हा काकूनं पासपोर्ट, औषधं, देवघरातली अन्नपूर्णा गाडीत ठेवली आणि तू पानं झाडायच्या यंत्रानं झाडांवरची राख उडवत होतास. शेजारी बायकामुलांना घेऊन निघाले तरी तू बाहेरच. काकू मला फोनवर म्हणाली, "सांग तुझ्या काकाला, झाडांना पाय नसतात, आपल्याला आहेत." तिचे ते पाय, आणि तीच असं म्हणत होती. वारा फिरला म्हणून घर वाचलं.

काकू गेली, आणि पुढच्या वसंतात तू आमच्याकडे आलास. तिथलं काहीच आणलं नाहीस, एक बीसुद्धा नाही. "राज्याची सीमा ओलांडून न्यायचं नसतं," तू म्हणालास. तू कायदा पाळणारा माणूस. मग मिनेसोटानं घरी झाडं लावायला परवानगी दिली आणि तू पुन्हा कायदा छापून आणलास. बंदिस्त जागा, कुलूप, बाहेरून दिसता कामा नये. गॅरेजमागे सहा फुटी लाकडी कुंपण तू स्वतः घातलंस, किल्ली गळ्यात. सुहासला, माझ्या नवऱ्याला, मजा वाटली. मी म्हणाले, "काका, आता कशाला? काकू नाही."

तू गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत सरकवलीस. मग म्हणालास, "सकाळी उठून काहीतरी बघायला पाहिजे ना गं."

पहिल्या वर्षी तू सिएराच्या सवयीनं लावलंस. तिकडच्यासारखंच सावकाश पिकणारं बी. जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड, झाडं चढत गेली. तू खूश. पण ऑगस्ट निम्मा झाला तरी कळी नाही. मला समोर बसवून तू समजावलंस: झाडाला महिना कळत नाही, रात्र किती लांब ते कळतं. रात्र पुरेशी लांबली की ते फुलायला लागतं. इकडे उत्तरेला उन्हाळ्यातली रात्र आखूड, म्हणून फुलं उशिरा; आणि थंडी मात्र लवकर. "इथे दिवस लांब आहेत आणि वर्ष आखूड," तू म्हणालास. तुला स्वतःचं वाक्य इतकं आवडलं की आठवडाभर सगळ्यांना ऐकवलंस, कशाबद्दल ते न सांगता.

सप्टेंबरअखेरीस पानं गोठवणारं दहिवर पडणार असा अंदाज आला. संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर कुंपणात काकूच्या साड्या. तिची जांभळी इरकल, ती हिरवी नारायणपेठ, दोन सुती नेसत्या. कपड्यांच्या चिमट्यांनी झाडांवर नीट लावलेल्या.

"काका! काकूच्या साड्या? गांजावर?"

"सुती आहेत. ऊब धरतात."

"घरात चादरी नव्हत्या?"

"तिच्याच पायांसाठी सुरू झालं ना हे सगळं," तू म्हणालास, आणि पदराचं टोक खाली ओढून चिमटा लावलास.

मी चिडून आत गेले. सकाळी साड्या कडक झाल्या होत्या, पांढऱ्या कडांच्या. खालची पानं काळी, तुरे कच्चे. वर्ष गेलं. तू साड्या धुतल्यास, डेकवर वाळवल्यास, इस्त्री करून परत पेटीत ठेवल्यास. मी दारातून बघत होते. त्या दिवशी मी माफी मागायला हवी होती, पण ते छोटं होतं. मोठं पुढे आहे.

दुसऱ्या वर्षी तू शहाणा झालास. पलीकडची लिंडा, मक्याच्या शेतावर वाढलेली सत्तरीची बाई, तुझी शिष्या झाली की तू तिचा, कोण जाणे. तिनं तुला इथली थंडी शिकवली, तू तिला भिंग. ती तुला नँडी म्हणायची. लवकर पिकणारं बी घेतलंस. मेच्या शेवटी लावलंस, अगदी तिनं सांगितल्या दिवशी. ऑगस्टच्या सुरुवातीलाच झाडं कंबरेच्या वर होती आणि पेरांमध्ये फुलांचे पहिले पांढरे केस दिसायला लागले होते. तू मला फोटो पाठवायचास, मी वरच्या मजल्यावर घरून काम करत असताना.

त्याच उन्हाळ्यात माझा आणि सुहासचा नागरिकत्वाचा अर्ज दिलेला होता. इतक्या वर्षांच्या व्हिसा आणि ग्रीन कार्डनंतर. तुला सगळं माहीत होतं. राज्यात चालत असलं तरी केंद्राच्या कायद्यात हे चालत नाही, ही भीती मला होती. खोटी नव्हती ती. पण आता खरं सांगते काका.

त्या वर्षी मराठी मंडळातल्या सगळ्यांना आम्ही आमच्याकडे गौरी-गणपतीला बोलावलं होतं. पन्नास पानं उठणार होती. मंडळातल्या वैशालीताई तयारीसाठी आल्या, डेकवर चहा घेत बसलो, पाऊस नुकताच पडून गेला होता. त्यांनी नाक वर केलं. "मंजू, स्कंक शिरलाय का गं तुमच्याकडे? कसला हा वास?" मी म्हणाले, हो, स्कंकच असेल, घाबरला की घाण वास सोडतो तो प्राणी. त्या गेल्यावर मी तासभर तशीच बसले. मला इमिग्रेशनचा ऑफिसर दिसत नव्हता. मला दिसत होत्या पंगतीत बसलेल्या बायका, नाक वर केलेल्या, आणि मग त्यांचे घरी जातानाचे गाडीतले बोल. कुळकर्ण्यांकडे गणपतीच्या दिवसांत गांजा. तिचा काका गंजेडी.

संध्याकाळी मी तुला म्हणाले, "काका, वकिलांना विचारलं. ते म्हणतात झाडं काढा. अर्ज धोक्यात येईल."

मी वकिलांना विचारलंच नव्हतं. फोनही केला नव्हता. कदाचित त्यांनी हेच सांगितलं असतं. कदाचित काही मार्ग सांगितला असता, लिंडाच्या अंगणात लावा म्हणाले असते. मला माहीत नाही. मला उत्तर नकोच होतं, मला कारण हवं होतं.

तू विचारलंस, "नक्की म्हणाले?"

"नक्की."

"काहून घाबरतेस मग एवढी? काढू की." नागपूर सोडून चाळीस वर्षं झाली तरी मला धीर द्यायचा असला की तुझ्या तोंडून काहून बाहेर पडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटिंगमध्ये होते, खिडकीतून दिसत होतं. तू छोट्या करवतीनं एकेक झाड बुंध्याशी कापलंस. फांद्यांचे तुकडे केलेस, कंपोस्टच्या पेटीत टाकलेस, वर कॉफीचा चोथा आणि माती घातलीस. मुळं खणून काढलीस. मग कुंपणाचं दार उघडं टाकलंस, कारण आत लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी माइक म्यूट केला होता. खाली येऊन तुला थांबवायला दीड मिनिट लागलं असतं.

तू आत आलास, हात धुतलेस. "झालं. चहा टाकतेस?"

गणपती छान झाले. सगळ्यांनी तुझ्या मसालेभाताची तारीफ केली.

नोव्हेंबरमध्ये मुलाखत झाली. ऑफिसर मध्यमवयीन बाई होती, सर्दी झालेली. अंमली पदार्थांबद्दलचा छापील प्रश्न तिनं इतर प्रश्नांसारखाच वाचला, मी नाही म्हणाले, तिनं खूण केली. दोघंही पास झालो. घरी आलो तर तू शिरा करून ठेवला होतास, वर बेदाणे. मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "वकील शहाणा निघाला बरं. त्याला माझ्याकडून थँक्यू सांग."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात शिरा होता, एवढंच काय ते माझ्याकडे निमित्त.

या वर्षी मेमध्ये मीच तुला म्हणाले, "लाव की आता." तू वर बघितलंस, वकिलांचं काही विचारलं नाहीस. चार रोपं लावलीस. जुलैत गारा पडल्या, तरी झाडं सावरली. जपानी भुंगे आले, तू सकाळी साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन एकेक वेचलास. सिएरात तुझं भांडण कोरडेपणाशी होतं, इथे ओलाव्याशी. सप्टेंबरचा पाऊस सुरू झाला की तू रोज सकाळी झाडं हलवून पाणी झाडायचास. त्याच पावसात तुला ताप आला. हॉस्पिटलमध्ये न्युमोनिया म्हणाले. चौथ्या दिवशी तू गेलास.

तिसऱ्या दिवशी तू मास्क बाजूला करून म्हणालास, "मंजू, मधले तुरे बघ. राखाडी दिसलं की खालून काप. थांबू नको."

"होईल ते. तू आधी बरा हो."

"तुला दिसणार नाही लगेच. फोडून बघावं लागतं. आतून कुजतं ते."

मी तुझा हात धरला होता. तेवढं एकच वाक्य बोलायचं होतं मला. नर्स ऑक्सिजन बघायला आली, तू डोळे मिटलेस, मी म्हटलं उद्या.

तेराव्यानंतर लिंडानं दार वाजवलं. तिला आपली पद्धत माहीत नव्हती, म्हणून ती इतके दिवस थांबली होती. "हनी, तुझा काका जाऊन तुला दुःख झालंय ते समजतं," ती म्हणाली, "पण शनिवारी फ्रीझ आहे, सगळं गोठेल." तुझ्या गळ्यातली किल्ली हॉस्पिटलनं दिलेल्या पिशवीत होती. मी कुलूप उघडलं. काका, केवढी सुंदर होती झाडं! मी इथल्या तिन्ही वर्षांत एकदाही इतक्या जवळ गेले नव्हते. लिंडानं मधला तुरा बोटांनी फोडला. बाहेरून हिरवा, आतून राखाडी कापूस. मी रडायला लागले तशी तिनं मला कात्री दिली. काम करत रड, असं काहीतरी ती म्हणाली असेल. मला शब्द आठवत नाहीत. ते झाड उपटून टाकलं, आणि थंडीची वाट बघत थांबलो, कारण बाकीच्या तिघांना आणखी थोडे दिवस हवे होते.

शनिवारी कापताना ती म्हणाली, "त्या वर्षी मी तुझ्यावर फार रागावले होते, माहिती आहे? इतकी चांगली झाडं कापायला लावलीस. पण नँडी म्हणाला, तिच्यावर रागावू नकोस, वकिलानं सांगितलं म्हणून. तिचा जीव तुटत होता, म्हणाला." तिनं एक फांदी माझ्या हातात दिली. "वकील लोक. डॅम."

मी ती ढिगावर ठेवली आणि पुढची कापली. बेसमेंटमध्ये दोऱ्या बांधल्या, फांद्या उलट्या टांगल्या, पंखा लावला. तुझ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे, किती गार, किती कोरडं, कधी उलटायचं. आता तो वास सगळ्या घरात भरलाय. जिन्यात, कोटांच्या कपाटात. चिरडलेल्या लिंबाच्या पानांसारखा, थोडा डिझेलसारखा. सुहास म्हणाला, खिडक्या उघडू का? मी नको म्हटलं.

काल वैशालीताई आल्या. तुझ्या दिवसांत त्या भारतात होत्या, म्हणून आता. पिठलं-भाकरी घेऊन आल्या. बसल्या, तुझ्या मसालेभाताची आठवण काढली, डोळे पुसले. मग हळूच विचारलं, "मंजू, वास कसला गं येतोय? परत स्कंक?"

"नाही," मी म्हणाले. "काकाचा गांजा आहे. खाली वाळत घातलाय. मीच कापला."

त्यांनी कप खाली ठेवला. "काका घ्यायचे?"

"फारसा नाही. लावायचा. काकूसाठी लावायला लागला, मग ती गेल्यावर स्वतःसाठी. तुम्हाला मागे जो वास आला होता ना, तोही त्याचाच. तेव्हा मी स्कंक म्हणाले, आणि काकाला म्हणाले की वकिलांनी काढायला सांगितलंय. वकिलांना मी विचारलंच नव्हतं. तुम्ही सगळ्याजणी जेवायला येणार होतात, म्हणून मी काढायला लावली."

माझा आवाज बारीक झाला नाही. मी बोलत राहिले, करवत, कंपोस्ट, शिरा, सगळं. वैशालीताईंनी एकदाही नाक वर केलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी भाकरीचा डबा माझ्याकडे सरकवला.

"काकांना सांगितलंस का गं हे?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.